गॅरेजमधला वास

निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, क्रूझवर जातात. माझ्या नवऱ्याने एक जुनी, लाल, बारा सिलिंडरची इटालियन गाडी घरात आणली. घरात म्हणजे खरोखर घरातच, कारण अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या आमच्या घराला गॅरेज चिकटून आहे आणि स्वयंपाकघराचं एक दार थेट त्यात उघडतं. मला ती गाडी पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती, हे आधीच सांगून टाकते.

आल्यागेल्याला तो तिची रचना समजावून सांगायचा. अशा वेगवान गाड्यांचं इंजिन सहसा पाठीमागे असतं, हिचं पुढे. पण अगदी नाकाशी नाही, पुढच्या चाकांच्याही मागे सरकवलेलं. गिअरबॉक्स पार मागच्या चाकांशी नेलेला आणि दोघांना जोडणारी लांब नळी मधून गेलेली. का, तर वजन दोन्हीकडे सारखं पडावं आणि वळणावर गाडीचा तोल राहावा. बॉनेटवरच्या चिरा शोभेच्या नाहीत, आतली धग बाहेर जायला आहेत. जन्मभर पंप आणि पाइपांची ड्रॉइंग काढलेला माणूस तो. हे सांगताना त्याचा चेहरा उजळायचा.

मी एकदा विचारलं, "टाकी कुठे आहे?"

"मागे."

"आणि इंजिन पुढे. म्हणजे सगळं पेट्रोल आपल्या बुडाखालून जातं?"

"अगं, तुझ्या गाडीतही तसंच जातं," तो हसत म्हणाला. ते खरंच होतं. तरी त्यानंतर मला त्या सीटवर नीट बसवेना.

सप्टेंबरात गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास यायला लागला. कधी यायचा, कधी नाही. माझी सगळी नोकरी औषधांच्या कंपनीच्या लॅबमध्ये गेली, वासाच्या बाबतीत मी सहसा फसत नाही. त्याला बोलावलं की तो यायचा, छाती भरून श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "काही नाही गं. तुझं नाक फार तिखट." इतक्या मनापासून म्हणायचा की मला माझीच शंका यायची. गॅरेजच्या कोपऱ्यात गॅसवर पाणी तापवायचा बंब आहे, त्याच्या पोटात एक निळी ज्योत दिवसरात्र जळत असते. कपडे धुवायला टाकताना माझी नजर हटकून तिकडे जायची.

तसा गाडी यायच्या आधीपासूनच नवरा फार गुणी झाला होता. आमटी करपली तरी "छान झालीय" म्हणायचा. एकदा दूध उतू जाऊन पातेलं काळं पडलं. हा दोन हातांवर टेबलाशी बसून गाड्यांचं मासिक वाचत होता, मान वर केली नाही. मला वाटलं, उतारवयात माणूस निवळला. मैत्रिणींना कौतुकाने सांगितलंसुद्धा.

दसरा आम्ही इथे जवळच्या शनिवारी करतो. मागच्या अंगणातल्या रेडबडच्या झाडाची पानं आपट्यासारखीच दिसतात, तीच सोनं म्हणून वाटतो. त्या शनिवारी मित्रमंडळी जमली होती. सकाळीच धुतलेल्या गाडीला झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं, बॉनेटसमोर पाटावर पूजेचं ताट. कुणीतरी म्हणालं, "यार, आधी आवाज तर ऐकव." त्याने इंजिन सुरू केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याने बंद केलं. आणि वास आला. एवढा कधीच आला नव्हता.

"पेट्रोलचा वास येतोय," मी म्हणाले.

"वहिनी, गॅरेजमध्ये काय अत्तराचा वास येणार?" त्याचा नागपूरचा मित्र म्हणाला. सगळे हसले.

"जुनी गाडी आहे ना, स्टार्ट केली की येतोच थोडा," मित्राच्या बायकोने समजूत घातली.

नवऱ्याने छाती भरून श्वास घेतला. "मला तर काहीच येत नाही," असं म्हणत त्याने निरांजन लावायला काडेपेटीतून काडी काढली.

वास सगळ्यांना येत होता. थट्टा करणाऱ्यालाही येत होता. त्या एवढ्या माणसांत फक्त याला येत नव्हता. करपलेली आमटी, जळलेलं दूध, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं.

मी त्याचं मनगट धरलं. "काडी ओढू नकोस. सगळे बाहेर व्हा आधी." पाहुण्यांशी मी असं कधी बोलत नाही. पण माझा आवाज ऐकून सगळे मुकाट्याने ड्राइव्हवेवर गेले. मी धावत जाऊन बंबाच्या गॅसचा कॉक बंद केला.

वळून बघते तर तो गाडीशी उकिडवा बसला होता. इंजिनाखाली हात घालून त्याने बाहेर काढला, बोटं ओली होती. त्याने ती नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरली. मग बाहेरच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "जरा सांग ना, काय आहे? गाडी सकाळी धुतलीय, पाणीही असेल." आणि बोटं माझ्यापुढे केली.

"पेट्रोल," मी म्हणाले. "कधीपासून येत नाही तुला?"

"कोविड झाला तेव्हापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू गाडी घेऊ दिली असतीस?"

त्याच्या दुसऱ्या हातात काडी अजून तशीच होती. ती मी काढून घेतली. मला त्याचा इतका राग आला होता की रडू फुटलं, आणि तो मात्र ओली बोटं पुन्हा नाकाशी नेऊन बघत होता.