नऊ मीटर चौतीस

माझ्या बाबांना सगळं मैदान ‘फूटपट्टी’ म्हणतं. तीस वर्षं धावपट्टीवर चुन्याच्या रेघा मारतायत, एक कधी वाकडी गेली नाही. तेच बाबा त्या रविवारी जेवताना दोनदा ताटावरून उठले.

“अहो, विंचू चावलाय का तुम्हाला?” आई म्हणाली.

आदल्या दिवशी मी मैलाची शर्यत जिंकले होते, तीही विक्रम मोडून. एका दशांश सेकंदानेच, पण मोडला म्हणजे मोडला! माझे पाय जमिनीवर नव्हते.

हा मैल म्हणजे नसती पीडा. बाकी सगळ्या शर्यती मीटरमध्ये, हाच एक जुन्या मापाचा म्हातारा नियमपुस्तकात ठाण मांडून बसलाय. चारशे मीटरच्या चार फेऱ्या म्हणजे सोळाशे. मैलाला वर नऊ मीटर चौतीस सेंटिमीटर लागतात. म्हणून सुरुवातीची रेघ शेवटच्या रेघेच्या तेवढी मागे मारायची. ते काम बाबांचं.

दुपारी त्यांनी मला मागच्या दारी बोलावलं. हातात नवी टेप.

“जुन्या टेपचा पहिला फूट तुटलेला,” ते म्हणाले. “वीस वर्षं मी एकच्या आकड्यावर धरून मोजतोय आणि शेवटी एक फूट वाढवतोय. ही मीटरची, अख्खी. म्हणून वाढवलं काही नाही. पण हात मेला सवयीने एकवरच गेला.”

“म्हणजे?”

“तुझा मैल एक मीटर कमी भरला गं.”

आधी पायाखालची जमीन सरकली, मग टाळकंच फिरलं. “एवढ्या मोठ्या शर्यतीत एक मीटर! काळं कुत्रं विचारणार नाही, बाबा. तोंड उघडलंत तर माझी शपथ आहे.”

ते गप्प बसले. पण कसले गप्प! सोमवारी टेबल मोजलं, मंगळवारी दारं-खिडक्या, मग पलंग. “आता मलाच मोजा, म्हणजे सुटले,” आईने हात जोडले. जेवण दोन घासांवर आलं. माझ्याकडे बघत नव्हते. मी प्रमाणपत्रासाठी भिंतीवर जागा शोधत होते आणि मनातून त्यांचा रागराग करत होते.

बुधवारी पंचांच्या खोलीत मला बोलावलं. मुख्य पंचबाईंनी सहीसाठी पेन उचललं, तेवढ्यात बाबा आत आले.

“बाई, थांबा. रेघ चुकलीय. मी चुकलो.”

बाई उठल्या, मैदानावर जाऊन स्वतः मोजून आल्या. आठ मीटर चौतीस. प्रमाणपत्र खणात गेलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“तुला माहीत होतं हे?”

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, “तिला कुठलं माहीत! मलाच आज कळलं.”

घरी येऊन बाबा पोटभर जेवले. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मला एक घास गिळवेना.

“आता हिला काय विंचू चावला?” आई म्हणाली.