चिंताकीच्या विहिरीतलं मढं

"म्याडम, आमच्या हिरीत मढं हाय का?"

फोनवर गुंडप्पा अण्णा होते. मी त्या वेळी एका बिल्डरला कड्यावरून ढकलत होते, म्हणजे लॅपटॉपवर. बिल्डर तसाच लोंबकळत ठेवला आणि विचारलं, "कुठलं मढं, अण्णा?"

"तुमीच लिवलंय न्हवं? हिरीत मढं, मोटारीच्या खोलीमागं फुटकी बांगडी. मुडबीचे पाव्हणे पुस्तक घेऊन बसलेत. पोराची सोयरीक मोडायलेत!"

मी भालकीत राहते आणि रोमँटिक सस्पेन्स कादंबऱ्या लिहिते. रोमँटिक सस्पेन्स म्हणजे दोघं प्रेमात पडतात आणि तिसरा मरतो. त्याला कुणी मारलं हे शेवटच्या प्रकरणापर्यंत कळत नाही. लग्न कुणाचं होणार हे मात्र मुखपृष्ठावरच कळतं.

माझी खासियत म्हणजे लोकेशन. न पाहिलेल्या गावात मी कुणाला मारत नाही. आधी जाऊन राहते, वाटा, झाडं, दुकानं बघून घेते. याला आमच्यात रेकी म्हणतात. पुण्याच्या प्रकाशकांनी त्याचीच जाहिरात केली. 'लेखिकेने स्वतः पाहिलेल्या ठिकाणी घडणारा थरार', ही ओळ माझ्या प्रत्येक मुखपृष्ठावर असते. 'यातील सर्व पात्रे व घटना काल्पनिक आहेत' ही ओळही असते. ती आत, मुंगीएवढ्या अक्षरांत.

गेल्या वर्षी आमचा संपादक निखिल म्हणाला होता, "मॅडम, हिल स्टेशन बास झाली. काहीतरी रॉ द्या. तुम्ही बॉर्डरवर राहता ना?"

त्याच्या डोळ्यांपुढे तारेचं कुंपण आणि बंदुका असाव्यात. मी सांगितलं, "आमच्याकडे बॉर्डर म्हणजे दुकानांच्या पाट्यांची लिपी बदलते, मराठीची कानडी होते. चहा तोच असतो."

"तेच द्या," तो म्हणाला.

म्हणून मी औराद तालुक्यातल्या चिंताकीला गेले. ओळखीतल्या महादेवी अक्का आणि त्यांचे यजमान गुंडप्पा अण्णा यांच्याकडे राहिले. त्यांच्या शेतात दगडी बांधणीची विहीर होती. काठावर उंबर, बाजूला मोटारीची खोली. बघताक्षणी ठरवलं, मढं इथेच टाकायचं. अक्का तेव्हा मला भाकरीवर लोण्याचा गोळा वाढत होत्या. गावाचं नाव अर्थात बदललं. चिंताकीचं 'चिंतनपूर' केलं. त्या दिवशी त्यापेक्षा जास्त डोकं चाललं नाही.

आता त्याच अण्णांच्या शिवराजची, त्यांच्या एकुलत्या एका पोराची, सोयरीक माझ्यामुळे मोडत होती. मुडबीचे वैजिनाथ अप्पा तुरीचे व्यापारी. त्यांची मुलगी रेणुका शिवराजला बघितली होती, बोलणी झाली होती. आणि मग अप्पांनी माझी कादंबरी वाचली.

चिंताकीला निघण्याआधी मी निखिलला फोन केला. प्रकाशकांनी एक खुलासा छापावा, एवढंच म्हणणं होतं.

"मॅडम, हे जबरदस्त आहे," तो म्हणाला. "लोक खरं मानतायत!"

"एक लग्न मोडतंय, निखिल."

"मोडू दे असं मी म्हणत नाही. पण मोडायच्या आधी विहिरीपाशी एक रील होईल का?"

मी फोन ठेवला आणि बस पकडली.

चिंताकीला पोचले तर वैजिनाथ अप्पा ओसरीवर माझं पुस्तक मांडीवर घेऊन बसलेले. सोबत बायको आणि रेणुका. पोरीला जिथं नांदायचंय ती जागा तिनंही बघावी, म्हणून तिला आणलं होतं. ती आत चुलीपाशी होती. मी टेकताच अप्पांनी सुरुवात केली.

"हिरीवर उंबर हाय का न्हाई?"

"आहे."

"खोलीला निळं दार?"

"आहे."

"मधल्या पायऱ्या ढासळलेल्या?"

"आहेत."

"मग मढंच तेवढं कसं काय खोटं?"

माझ्या लेखनातल्या वास्तवाला मिळालेली ही आजवरची सगळ्यात मोठी दाद. ती अशा वेळी मिळावी!

"अप्पा, ते कल्पनेतलं आहे," मी म्हटलं.

"कामून? उंबर, दारं बघून लिवायचं अन् मढं न बघता?"

मी आतलं पान काढून ती बारीक ओळ दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि पुस्तक मिटलं. "असं बियाण्याच्या पिशवीवर बी असतंय. कंपनी सोताला वाचवायला लिवत असती."

शेवटी अण्णांचाच धीर सुटला. ते म्हणाले, "उपसून दाखवतो. मढं निघालं तर सोयरीक मोडा. न्हाई निघालं तर आजच मुहूर्त काढा."

उन्हाळ्याचे दिवस, पाणी तळाला गेलेलं. दोन मोटारी लावल्या. अर्धं गाव जमलं. त्यातल्या बऱ्याच जणांनी कादंबरी वाचलेली नव्हती, पण गोष्ट सगळ्यांना पाठ होती. एका बाईंनी मला विचारलं, "नवऱ्यानंच टाकलीती न्हवं तिला?" मी सांगितलं की मेलेला पुरुष होता. त्यांना ते पटलं नाही.

मोटारींनी हवा ओढायला सुरुवात केली तसा शिवराज चिखलात उतरला. एक पितळी घागर निघाली. दोन बादल्या निघाल्या. मग एक लोखंडी पाटी निघाली. गेल्या निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराची, हात जोडलेल्या फोटोसकट. मढं म्हणावं असं तेवढंच.

वैजिनाथ अप्पा काठावरून खाली बघत राहिले. थोडे हिरमुसलेले वाटले. मग म्हणाले, "चला, बरं झालं. आता पंचांग काढा."

मी सुटकेचा निःश्वास टाकून मागल्या दारी हातपाय धुवायला गेले. रेणुका चहा घेऊन आली. कप पुढं केला, पण हातातून सोडेना.

"म्याडम, तुमी कामून आलाव?" ती हळू आवाजात म्हणाली.

"तुझं लग्न वाचवायला."

"ते मोडावं म्हणूनच तर पुस्तक अप्पाच्या गादीवर ठेवलंतं मी."

तिचं कलबुर्गीत नर्सिंग चालू होतं. अजून एक वर्ष बाकी. लग्न झालं की ते सुटणार, हे तिला दिसत होतं.

"घरात सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"सांगितलं की. अप्पा म्हणाले, पोरी असंच म्हणत असत्यात."

वाचकाचं लक्ष भलतीकडे नेणाऱ्या चकव्याला आमच्या धंद्यात रेड हेरिंग म्हणतात. मी आजवर असे ढीगभर चकवे पेरलेत. चहा देणारी गप्प मुलगी दिसली की माझे वाचक तिच्यावर लगेच संशय घेतात. आणि मी मात्र विहिरीत मढं नाही हे सिद्ध करायला उन्हात उभी. तिनं लावलेली एकुलती एक युक्ती मीच उपसून बाहेर काढली होती.

मी सरळ महादेवी अक्कांकडे गेले. त्या पुरणाला डाळ शिजत घालत होत्या. मी सगळं सांगितलं. अक्कांनी माझ्याकडे रोखून बघितलं.

"हे बी पुस्तकातलंच सांगायलाव का?"

"नाही, अक्का. हे खरं आहे."

"मढ्याच्या टायमाला बी सगळे असंच म्हणायलते."

मग त्यांनी रेणुकालाच आत ओढलं आणि दार लोटलं. "पोरी, तुला हे लगीन करायचंय का न्हाई? माझ्याकडं बघून बोल."

"न्हाई," रेणुका म्हणाली. तिनं नजर वळवली नाही. "तुमी वाईट न्हाईत. पण मला शिकायचंय."

अक्कांनी शिवराजला हाक मारली. तो गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. त्याला सांगितलं. त्यानं पायावरचा चिखल खरवडला. मग म्हणाला, "नको म्हणायली तर नको, आई. पण मला सांगितलं असतं तर मीच सोयरीक मोडलो असतो की."

"तुमचा नंबर कुणी दिलता मला?" रेणुका म्हणाली.



अडचण पुढेच होती. मुलाकडून नकार गेला तर पोरीत काय खोट होती म्हणून मुडबीत चर्चा. पोरीनं नकार दिला तर अप्पा ऐकणार नाहीत. मी मनातल्या मनात वेगवेगळे शेवट जुळवून बघत होते. एकही बसेना. अक्कांनी डाळीखालचा जाळ ओढून बारीक केला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बाहेर गेल्या.

ओसरीवर पंचांग उघडलेलं होतं.

"अप्पा," अक्का म्हणाल्या, "फशीवणं बरं न्हवं. म्याडमनी लिवलंय ते खरं हाय."

अण्णांच्या हातातला पानाचा विडा तोंडापर्यंत पोचलाच नाही.

"माझ्या सासूच्या काळातली गोष्ट. मढं तवाच काढलंतं, आता कसं घावंल? घरात बोलायचं न्हाई असं ठरलंतं."

"कुणाचं मढं?" अप्पांनी विचारलं.

अक्कांनी विहिरीच्या दिशेनं हात जोडले. "आता नाव घिऊन काय करायचं!"

मी दाराआड उभी राहून ऐकत होते. नाव न सांगता माणूस मारणं जमायला मला कित्येक कादंबऱ्या लिहाव्या लागल्या. अक्कांना पहिल्याच खेपेला जमलं.

वैजिनाथ अप्पांनी पंचांग मिटलं. चेहऱ्यावर समाधान होतं. त्यांचं पुस्तक खरं निघालं होतं. जाताना मला म्हणाले, "तुमी उगं भिऊन झाकायलतावं, म्याडम." रेणुका जीपमध्ये बसताना अक्कांच्या पाया पडली. तिच्या आईला ते जरा जास्तच वाटलं.

जीप गेल्यावर अण्णा उसळले. "माझ्या आईच्या काळात मढं? अन् मला कसं म्हाईत न्हाई?"

"तुमी ल्हान होतावं," अक्का म्हणाल्या.

अण्णांनी राहिलेला विडा तोंडात टाकला. त्यांना ते निम्मं पटलं असावं. मी अक्कांना विचारलं, एवढं कशाला अंगावर घेतलंत? विहिरीचं नाव खराब झालं. त्या म्हणाल्या, "नको म्हणायलेली सून आणून मी काय तिला जलमभर राखत बसू? हिरीचं काय, तिला कुठं लगीन करायचंय!"

रेणुकाचं नर्सिंग पूर्ण झालं. ती आता कलबुर्गीतच एका दवाखान्यात आहे. शिवराजचंही लग्न झालं. मुलीकडच्यांना वाचनाची आवड नाही, एवढं अक्कांनी आधी बघून घेतलं. विहिरीचं पाणी पिकांना चालू आहे. गावातले लोक दुपारच्या वेळी तिच्या काठाला जात नाहीत. शेतातले आंबे, पेरू चोरीला जायचे थांबले, असं अण्णा स्वतःच सांगतात.

निखिलनं दुसरी आवृत्ती काढली. मुखपृष्ठावर नवी ओळ होती, 'सत्य घटनेवर आधारित'.

"घटना घडलेलीच नाही," मी म्हटलं.

"पण त्या अक्कांनी सांगितलं ना?" तो म्हणाला. "प्रत्यक्षदर्शी आहेत त्या."

या धंद्यात येऊ पाहणारे मला अधूनमधून सल्ला विचारतात. मी एवढंच सांगते. खोटं लिहायचं असेल तर झाडं आणि दारं अचूक लिहा. खरं सांगायची वेळ आली तर स्वतः बोलू नका, दुसऱ्या कुणाला तरी पुढे करा. लेखकाचं कुणी ऐकत नाही.