पायरीवर बसलेला सुपरहिरो

“भाऊ, त्यो पायरीवर बसतो तेवढं कुठं गेलं?”

केबिनचं कापड बाजूला सारून एक बाई विचारत होत्या. तीनचा शो नुकताच सुटला होता. मी गडबडलो. तंबू टॉकीजमध्ये ऑपरेटर म्हणून माझं आयुष्य गेलं. लोक येऊन आवाज कमी होता म्हणतात, पंखे बंद होते म्हणतात. गाळलेला सीन मागायला आजवर कोणी आलं नव्हतं.

तंबू टॉकीज म्हणजे यात्रेत तंबू ठोकून दाखवायचा सिनेमा. आम्ही तिसगावजवळच्या एका यात्रेत होतो. शेवटचा दिवस. पिक्चर सुपरहिरोचा, हिंदीत डब केलेला. हा हिरो एका हाताने पूल उचलतो, पण दारू पितो, घरच्यांना तोडून बोलतो आणि निघून जातो. मध्येच एकदा घरी परततो. पायरीवर बसतो आणि दार न वाजवताच उठून जातो. चार मिनिटं मारामारी नाही, डायलॉग नाही. पब्लिक वैतागतं. म्हणून मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “नाना, तो रडका भाग फॉरवर्ड कर.” रिळांच्या काळात कात्री लागायची, आता बटण दाबलं की झालं.

खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचंच होतं. वर्षातले आठ महिने मी गावोगाव. नगरला माझी मुलगी आहे. फोनवर दोन शब्द बोलते आणि आईकडे देते. पहिल्या शोला तो पायरीवर बसला, तेव्हा मला घराची फार आठवण आली होती.

“तुम्हाला कसं कळलं, ताई, असा सीन आहे ते?”

“माज्या पोरानं सांगितलं, संतोषनं. शिर्डीला हाटेलात कामाला हाय. ऊसतोडीला येनार न्हाई म्हनला, बापासंगं भांडला आन् गेला. तीन वर्सं झाली. परवा बहिनीला फोनवर म्हनला, आईला त्यो पिक्चर बघाय लाव. पायरीवर बसतो त्यो मीच हाय.” त्यांनी बाहेर बोट दाखवलं. जनरेटरपाशी एक उंच गृहस्थ पाठमोरे उभे होते. “ह्यांना लई विनवून आनलं. आन् नेमकं तेवढंच दावलं न्हाई.”

मी मालकांकडे गेलो. सहाचा शो शेवटचा होता.

“एका बाईसाठी चार मिनिटं? पब्लिक खुर्च्या फेकेल, नाना.”

“खुर्च्या आहेत कुठे आपल्याकडे?”

“फॉरवर्ड म्हणजे फॉरवर्ड.”

मी “बरं” म्हणालो. त्या दोघांना सहाच्या शोला थांबवून घेतलं आणि बटणाला हात लावला नाही.

सीन सुरू झाला आणि शिट्ट्या सुरू झाल्या. “ए ऑपरेटर, झोपला का?” मी केबिनच्या भोकातून पुरुषांच्या बाजूला बघत होतो; तंबूत बायका आणि पुरुष वेगळे बसतात. ते उंच गृहस्थ उठून उभे राहिले होते. मागचे ओरडले, “ओ, खाली बसा!” ते बसले नाहीत. हिरो पायरीवरून उठून जाईपर्यंत तसेच उभे होते.

शो सुटल्यावर दोघं केबिनशी आले.

“त्याला कुनी दार का न्हाई उघडलं?” गृहस्थांनी मला विचारलं.

“त्यानं वाजवलंच नाही.”

“वाजवायचं कशाला? घरातल्याला चाहूल लागत न्हाई व्हय?”

“मला लागली हुती,” बाई म्हणाल्या. “संतोष दोनदा आल्ता. दारातनं माघारी गेला. तुमचं भ्या वाटलं, म्हनून मी उठले न्हाई.”

मला वाटलं, आता हा माणूस हात उगारतो. त्यांनी हात पुढे केला तो बाईंच्या मोबाईलसाठी. संतोषला फोन लावला. पहिल्यांदा कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. आमची पोरं तंबूच्या खुंट्या उपटायला लागली होती. दोघं कापडाच्या गुंडाळीवर बसले. तिसऱ्यांदा पलीकडून “आई?” असं मलाही ऐकू आलं.

“आई न्हाई. मी हाय.” मग म्हणाले, “सुट्टी कदी असती रं तुला?”

पुढचं मी ऐकलं नाही. मालक बोलवत होते आणि त्यांनी मला यथेच्छ झापलं. दुसऱ्या दिवशी आम्ही काष्टीला गेलो. संतोष घरी आला का, मला माहीत नाही. आला असावा असं फार वाटतं.

धंद्यातलं शहाणपण एवढंच, की शिट्ट्या केबिनमध्ये ऐकू येतात. गप्प बघणारा ऐकू येत नाही. तिकीट त्यानंही काढलेलं असतं.