एका ‘राव’वर अडलेला स्लॅब

दिनकर मुकादमाचा आवाज असा, की त्यानं कारापुरात हाक मारली तर साखळीच्या बाजारातली कुत्री उठून बसावीत. मूळचा गडहिंग्लजकडचा. गोव्यात बांधकामावर आला आणि त्या आवाजाच्या जोरावर मुकादम झाला. सिमेंटच्या पोत्यांवर बसून तो हुकूम सोडायचा, आणि त्याची बायको चंद्रभागा खाली घमेली वाहायची. एके दिवशी पोत्यांचा ढीग घसरला, ढिगाबरोबर मुकादमही घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. बसल्या जागी पाय मोडून घेतलेला मुकादम साऱ्या डिचोली तालुक्यात तो एकटाच असावा.

दुसऱ्या दिवशी माणसं कामावर येऊन नुसती चुळबुळत उभी राहिली. आता सांगणार कोण? चंद्रभागेनं पदर खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली, पहिलं घमेलं उचललं आणि चालू लागली. तिच्या मागं टोळीतला रघुनाथ निघाला, रघुनाथच्या मागं बाकीचे. अशी ती मुकादमीण झाली. कुणी केली नाही, कुणी विचारलंही नाही. मोठ्यानं ओरडायला तिला जमायचं नाही. जे काम करून हवं ते ती आधी स्वतः करायची. माणसं थोडा वेळ बघायची, मग बघण्याची लाज वाटून हात लावायची.

कंत्राटदार गोकुळदासला मात्र हे काही रुचत नव्हतं.

“मुकादमाला आवाज पायजे गो, चंद्राबाय. तू तर गाभाऱ्यातल्या समईसारखी गप.”

“काम हुतंय न्हवं, सायेब?”

“भिंतीपर्यंत ठीक. आता स्लॅब. एका दमान पडला पायजे. मध्ये खळ पडला, सांधा राहिला, की पावसात गळलाच म्हणून समज. तसं झालं तर पुढच्या कामाला बेळगावची टोळी. तुम्ही आपली वाट धरा.”

सत्याऐंशीचा मे महिना होता. गोवा आता राज्य होणार, अशी बोलणी चहाच्या दुकानात चालली होती. भाषेवरून तर घराघरांत तोंडं फिरली होती. ही इमारत वाचनालयाची. तिच्या पाटीवर मराठीत लिहायचं की कोंकणीत, यावर समितीच्या बैठका मोडल्या होत्या. शेवटी कुणाच्या तरी ध्यानात आलं, की ‘वाचनालय’ हा शब्द दोन्हीकडे तोच आहे. तेव्हा कुठं सगळे चहा प्याले.

स्लॅबला हात जास्त लागतात, म्हणून कारापुरातल्या बायका बोलावल्या. त्यांची पुढारीण यशोदा. अंगानं काटक, जिभेनं त्याहून काटक. मिक्सर धडधडू लागला. फळ्यांच्या चढणीवरून रांग निघाली. पुढं चंद्रभागा, मागं कोल्हापूरकडची आणि कारापूरची माणसं एकाआड एक. वर नेऊन ओतायचं, रिकामं घमेलं खाली टाकायचं, दुसऱ्या बाजूनं उतरायचं, पुन्हा भरून घ्यायचं. रांग अशी चालली होती की गोकुळदासनं खिशातून काढलेली तपकिरीची डबी उघडायचं विसरून नुसतीच हातात धरली.

दिनकरला घरी करमेना. कुबड्या घेऊन तो आला आणि काजूच्या झाडाखाली बसला. माल चाललेला दिसला आणि त्याच्या गळ्यातला मुकादम जागा झाला.

“चला राव! उचला राव, उचला!”

कारापूरच्या बायका जागच्या जागी थांबल्या. चढणीच्या मधोमध, डोक्यावर ओला माल घेऊन. मागचा रघुनाथ यशोदेवर आदळता आदळता वाचला.

“अवो बाई, चला की!”

“कसं चलू? राव म्हणून सांगता न्ही तो!”

चंद्रभागा वरून खाली धावली. “काय झालं? का थांबला?”

“तुझाच घोव सांगता, राव, राव म्हणून,” यशोदा म्हणाली. “आमच्यात राव म्हणजे थांब. चला म्हणता, लगेच थांब म्हणता. पिसो जाला की कितें?”

“अगं बया! आमच्यात राव म्हंजी... नुसतं राव. मानानं हाक मारायची.”

“मान देता आनी वाटेर उभो करता!”

बायका हसायला लागल्या आणि डोक्यावरची घमेली डुलायला लागली. चंद्रभागा नवऱ्यापाशी गेली.

“आवं, राव म्हणू नगासा. माणसं थांबत्यात.”

“मग काय म्हणू? शिव्या देऊ?”

“काय बी म्हणू नगासा. गप बसा.”

“बरं राव,” दिनकर खणखणीत आवाजात म्हणाला, “न्हाई म्हणत राव!”

रांग पुन्हा थांबली. दोनदा.

मिक्सरमधला माल घट्ट व्हायला लागला. गोकुळदासनं घड्याळ बघितलं, मग चंद्रभागेकडं, आणि नुसतं “बेळगाव” एवढंच पुटपुटला. चंद्रभागेनं नवऱ्याचाही नाद सोडला. घमेलं उचललं आणि चालू लागली. मागं यशोदेनं आपल्या बायकांना दम भरला, “आता कोणी राव म्हणो, बापूस म्हणो, थांबायचं नाही. तिचे पाय बघायचे. ती चलली की चलायचं.”

रांग सुटली ती सुटलीच. दिनकर सवयीनं ओरडत राहिला, पण झाडावरच्या कावळ्याला जेवढी किंमत तेवढीच त्याला.

स्लॅब अर्ध्याच्या पुढं गेला आणि वरच्या टोकाची फळी सरकली. यशोदेनं ती बघितली. तिच्या पुढं चंद्रभागा, पाय टाकायच्या बेतात.

“राव!” यशोदा जीव खाऊन किंचाळली. “राव गो! राव!”

चंद्रभागेला वाटलं, ही बया नवऱ्याची नक्कल करतेय. तिला हसू आलं आणि हसत हसत तिनं पाय टाकला. फळी उलटली. चंद्रभागा ताज्या ओतलेल्या मालात फतकल मारून बसली. डोक्यावरचं घमेलं मात्र तसंच, पाण्याचा थेंब हलू नये असं.

यशोदेच्या मागच्या बाईनं हळूच विचारलं, “बसायचं काय गो?”

“तिचे पाय बघ म्हटलं, बसणं नव्हे!” यशोदा ओरडली.

चंद्रभागेनं बसल्या बसल्याच घमेलं रिकामं केलं. मग उठली. सरकलेली फळी पायानं जागेवर बसवली, तिच्यावर उभी राहून दोन उड्या मारल्या आणि कंबरेखाली सिमेंटची झालेली ती उतरून पुन्हा मिक्सरपाशी आली. मागून प्रत्येकानं त्या फळीवर आल्यावर दोन उड्या मारल्या. हे स्लॅब संपेपर्यंत चाललं.

“अरे, उड्या कित्याक मारता?” गोकुळदासनं खालून विचारलं.

“मुकादमीण मारता म्हणून,” उत्तर आलं.

आता दिनकरलाच काजूखाली बसवेना. बायको सिमेंटनं माखलेली येते-जाते आणि आपण सावलीत. वरून रिकामी घमेली खाली पडत होती, ती गोळा करायला एक माणूस अडकला होता. दिनकर खुरडत तिथं गेला, डबड्यावर बसला आणि घमेली झेलून मिक्सरपाशी सरकवू लागला. हात गुंतले तसं तोंड आपोआप मिटलं. एक घमेलं कानाजवळून गेल्यावर तर अगदीच.

उन्हं उतरली तेव्हा स्लॅब पडला होता. एका दमात, सांध्याशिवाय.

गोकुळदास मुकादमिणीला शोधत आला. ती विहिरीपाशी बसून घमेली घासत होती. माल सुकला की निघत नाही. शेजारी रघुनाथ घासत होता, कारापूरच्या बायका घासत होत्या, पाय पसरून दिनकर घासत होता. यांत कुणालाच कुणी काही सांगितलं नव्हतं.

“चंद्राबाय, जरा आयक.”

मिक्सर बंद झाला तरी सगळ्यांचे कान अजून धडधडतच होते. तिला ऐकू गेलं नाही. गोकुळदास जवळ आला, वाकला, शेवटी टेकलाच. यशोदेनं न बघता त्याच्या हातात एक घमेलं आणि काथ्याची मूठ दिली. त्यानं एकदा घमेल्याकडं बघितलं, एकदा रांगेकडं, आणि बाह्या वर सारल्या.

“पाळी गावात शेडचं काम आसा,” तो घासता घासता चंद्रभागेच्या कानाशी म्हणाला. “ते तुझं. बेळगाव बिळगाव काय नाही.”

चंद्रभागेनं मान हलवली आणि त्याच्या हातातलं घमेलं फिरवून बघितलं.

“बरं सायेब. पर ही कड ऱ्हायली बघा.”