ओढा आणि रूळ यांच्यामधली गल्ली

“मॅडम, हा मतदारसंघच सिस्टिममध्ये दिसत नाही,” साहेब म्हणाले.

“दिसणार नाही. तो विसर्जित झाला,” मी म्हणाले.

निवडणूक शाखेचे हे नवे साहेब तरुण होते. त्यांनी मला बोलावलं होतं ते वेगळ्याच कामासाठी. मी निवडणूक शाखेतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. मतदार जागृतीच्या पुस्तिकेत आमच्या जुन्या लोकसभा मतदारसंघाचा इतिहास चार पानांत द्यायचा होता आणि तो लिहू शकेल असं ऑफिसात कुणी उरलं नव्हतं. मी मात्र त्या दिवशी बाबालालचाचांना घेऊन गेले होते. त्यांच्या हातात नोटीस होती.

चाचा आमच्या उपनगरात गाद्या भरायचं काम करायचे. माझ्या लग्नातली गादी त्यांनीच भरलेली. आता पंचाहत्तरीच्या पुढचे. मतदारयादीची फेरतपासणी सुरू होती. ऑफिसने ठरवून दिलेल्या एका जुन्या यादीत स्वतःचं किंवा आईवडिलांचं नाव दाखवायचं, नाहीतर जन्माचा किंवा शाळेचा कागद द्यायचा. चाचा घरात जन्मले आणि शाळेत गेलेच नाहीत.

“आवं बाई, म्या हितंच जन्मलो, हितंच म्हातारा झालो,” ते मला म्हणाले होते. “माझं नाव न्हाई म्हंजे काय? तुमी व्हतासा की त्या हापिसात. बघा जरा.”

मी बघते म्हणाले. खरं तर नोटिशीतलं यादीचं वर्ष वाचतानाच मला कारण कळलं होतं.

आधी थोडं त्या मतदारसंघाविषयी सांगते. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांतली गावं त्यात होती. बहुतेक उसाची गावं, घरटी एक फौजी. मधे आमचं शहर आणि शहराला चिकटून वाढलेलं आमचं उपनगर. सभा गावांत व्हायच्या, पण मोजणीच्या दिवशी सगळे उपनगराच्या पेट्या कधी फुटतात याची वाट बघायचे. मग पुनर्रचना झाली. पुनर्रचना म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखणं. आमचा मतदारसंघ रद्द झाला. त्याचे तुकडे शेजारच्या दोन मतदारसंघांना जोडले गेले आणि उपनगर मधोमध कापलं गेलं.

मतदारयादीचे भाग असतात. एक भाग म्हणजे एका मतदान केंद्रावर येणारी माणसं. जुना कुठला भाग नव्या कुठल्या भागात जातो, याचा तक्ता करावा लागतो. तो तक्ता मी केला होता.

उत्तरेकडच्या ऑफिसने ओढ्यापर्यंतची घरं घेतली. दक्षिणेकडच्यांनी रेल्वेच्या रुळापर्यंतची. ओढा आणि रूळ यांच्यामधे एक गल्ली होती, गादीवाल्यांची, चाचांची. ती दोघांनीही घेतली नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने घेतली असेल.

मला ते दिसलं होतं. मी तक्ता घेऊन तेव्हाच्या साहेबांकडे गेले.

“सर, ही गल्ली कुठेच बसत नाहीये.”

“किती घरं?”

“फार नाहीत.”

“मग आता छपाई अडवू नका. पुरवणी यादीत घेऊ.”

पुरवणी यादी म्हणजे मूळ यादी छापल्यावर जोडायची नावं. मी टेबलावर परत आले. प्रशिक्षणं लागली, मशिनं आली, साहेबांची बदली झाली. पुन्हा तो विषय मी काढला नाही. विसरले असं म्हणायला आवडलं असतं, पण मी विसरले नव्हते.

पुढच्या मतदानाला गल्लीतली माणसं केंद्रावरून परत पाठवली गेली. चाचा तणतणत ऑफिसात आले. मी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि नमुना सहा भरायला लावला. हा फॉर्म नवीन मतदारासाठी असतो. माझ्याच हाताने मी तो भरला. आधी कुठे नाव होतं का, या रकान्यात ‘नाही’ लिहिलं, कारण ‘होय’ लिहिलं असतं तर चौकशी लागली असती. गल्लीतल्या सगळ्यांचे फॉर्म मी तसेच भरले. त्यांना मतदान करता येऊ लागलं. मला वाटलं, निस्तरलं.

आता फेरतपासणीत ठरवून दिलेली यादी नेमकी तीच निघाली, माझ्या तक्त्यावरून छापलेली पहिली.

मी नव्या साहेबांकडून रेकॉर्ड रूमची किल्ली मागून घेतली. दोन दिवस गठ्ठे उपसले. तिसऱ्या दिवशी विसर्जित मतदारसंघाची शेवटची यादी सापडली. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण गल्लीचं पान शाबूत होतं. बाबालाल, त्यांच्या आधीच्या दोन ओळींत वडील इमाम आणि आई. मी झेरॉक्स काढली. चाचांनी ती हातात घेतली, वडिलांचं नाव कुठलं ते मला विचारलं आणि त्यावर बोट ठेवलं.

सुनावणीला साहेबांनी झेरॉक्स नीट वाचली.

“मॅडम, ही आधीची यादी आहे. मला दिलेल्या वर्षाचीच चालते.”

“त्या वर्षाच्या यादीत यांची गल्लीच सुटली. चूक ऑफिसची आहे. माझी आहे. मी लिहून देते.”

“निवृत्त कर्मचाऱ्याचा जबाब कागदपत्रांच्या यादीत नाही.” ते थांबले. “आणि यांच्या फॉर्मवर पूर्वी नाव नव्हतं असं लिहिलंय. ते खोटं होतं असं धरलं, तर यांच्यावरच येईल. खाली अंगठा यांचा आहे.”

आदेश एका ओळीचा होता. चाचांचं नाव गेलं, शाळेचा कागद नसलेल्या त्यांच्या दोन मुलांचंही गेलं, आणि पुढच्या आठवड्यात उरलेल्या गल्लीला नोटिसा आल्या.

सुनावणीच्या दिवशीच बाहेर पायऱ्यांवर चाचा म्हणाले, “तुमची चूक असं का म्हनलासा तुमी?”

मी सगळं सांगितलं. तक्ता, साहेब, तो रकाना.

“म्हंजे तवाच म्हाईत व्हतं तुमाला?”

“हो.”

“आन् चा पाजलासा.”

एवढंच म्हणून ते चालू लागले. मी रिक्षा करते म्हणाले, तर त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

अपिलाला मुदत होती. मी अर्ज तयार करून त्यांच्या घरी गेले. सुनेने पाणी दिलं. चाचा खाटेवर बसले होते. अर्ज त्यांनी हातात घेतला नाही.

“मागं बी तुमीच भरला व्हता,” ते म्हणाले. “ऱ्हाऊ द्या बाई. लय झालं.”

मुदत संपली. मुलांनी वकील बघितला, त्यानेही ठरवलेल्या वर्षाचीच यादी मागितली. उरलेल्या गल्लीचीही नावं तशीच गेली. ती गल्ली आजही तिथेच आहे, माणसंही आहेत. फक्त मतदानाच्या दिवशी तिथल्या कुणालाच कुठे जायचं नसतं.

पुस्तिका निघाली. मी दिलेल्या चार पानांतला गल्लीचा परिच्छेद त्यांनी काढला. जागृतीच्या पुस्तिकेत ते बरं दिसत नाही, असं कळवलं. तेव्हाचे साहेब आता हयात नाहीत.

नव्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाला कधीकधी मला बोलावतात. मी त्यांना एवढंच सांगते: चूक दिसली की त्याच दिवशी टिपणी लिहा, तारीख घाला आणि पोच घ्या. ते वहीत उतरवून घेतात. मी ते केलं नव्हतं, हे मी सांगत नाही.