थांब्यावरचा कोशकार

आमच्या कचेरीत सरांच्या माघारी सगळे त्यांना ‘मूळव्याध’ म्हणत. हे नाव त्यांच्या कानावर कधी गेलं कोण जाणे, पण एकदा चहाच्या वेळी त्यांनीच विषय काढला. म्हणाले, “नाव ठेवणाऱ्याला मार्क दिले पाहिजेत. व्याध म्हणजे शिकारी. मुळांचा शिकारी. फक्त मूळ शब्दातला व्याध तो नव्हे, तो व्याधीतून आलाय, एवढं त्याला कोणीतरी सांगा.” नाव ठेवणारा शिपाई शेजारीच कप गोळा करत होता. तो कप तसेच टाकून जिन्याकडे पसार झाला, आणि सर कितीतरी वेळ खुदुखुदु हसत राहिले.

मी अकरा वर्षं त्यांच्या समोरच्या टेबलाशी बसले. आमची कचेरी शब्दकोशाची. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, भिंतींना लोखंडी कपाटं, कपाटांत लांबट खण आणि खणांत पोस्टकार्डाएवढी कार्डं. एका कार्डावर एक शब्द. त्याचा अर्थ, त्याचं मूळ आणि खाली दाखला, म्हणजे तो कोणी, कुठे, कधी वापरला. दाखल्याच्या बाबतीत सर फार कडक. बोलणारा कोण, वय काय, वार कोणता, वेळ किती, यातलं काही राहिलं की कार्ड परत माझ्या टेबलावर. “बिनदाखल्याचा शब्द म्हणजे अफवा,” असं म्हणून ते पुन्हा आपल्या कामात डोकं घालायचे.

पगार पोर्तुगीज, खुर्ची अरबी, हे ते असं सांगायचे की जणू घरच्या माणसांची ओळख करून देताहेत. एकदा ‘बिनधास्त’वर अडले होते. दुपारी एकदम मान वर करून म्हणाले, “बाई, धास्ती आली दहशतीतून. म्हणजे ही पोरं उठसूट बिनधास्त म्हणतात, तेव्हा त्यांच्या तोंडात दहशत बसलेली असते.” मला तेव्हा ती नुसती गंमत वाटली.

गोष्ट सुरू झाली ती कोशाच्या पुरवणीपासून. मुख्य संपादकांनी बैठक घेतली आणि म्हणाले, “पुस्तकांतले शब्द पुरे झाले. पोरं आज काय बोलतात ते आणा. त्यांच्यात मिसळा, कान उघडे ठेवा.” बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि विसरून गेले. सरांनी मात्र ते मनावर घेतलं. वय छप्पन, दोन वर्षांत निवृत्ती. एवढं एक काम धड करून जावं असं त्यांच्या मनात होतं.

तरुण माणूस म्हणून त्यांच्या हाताशी एकच होतं, त्यांची मुलगी. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण लहानपणी ती एका जागी टिकत नसे. आता कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि घरी आली की खोलीतून बाहेर येत नसे. सरांना ती उशिरा झालेली. तिच्याशी काय बोलावं हे त्यांना कधी नीट जमलं नव्हतं, पण ती काय बोलते ते ऐकायला आता निमित्त मिळालं. ती गॅलरीत फोनवर असली की ते आत वर्तमानपत्र धरून बसत आणि कडेला लिहून घेत. दुसऱ्या दिवशी कचेरीत आले की खुशीत असत. “बाई, काल सहा मिळाले.”

एके दिवशी भिंगरीला त्यांच्या शर्टाच्या खिशात कार्ड सापडलं. कपडे धुवायला टाकताना. कार्डावर लिहिलं होतं:

‘सीन. नाटकातील प्रवेश; त्यावरून, तमाशा, देखावा. दाखला: त्यानं मला चार दिवस सीनवर ठेवलंय. मुलगी, वय १९, फोनवर मैत्रिणीशी, सोमवार, सायं. ६.’

ती कार्ड घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. “बाबा, हे माझं बोलणं आहे.”

“तुझं नाव नाही घातलं,” सर म्हणाले.

हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांना खरंच कळत नव्हतं की त्यात चुकलं काय. नाव घातलं नव्हतं, नियम पाळला होता. भिंगरी कार्ड तिथेच ठेवून आत गेली. तेव्हापासून ती फोन आला की चप्पल घालून खाली जाई, आणि घरात आईशी बोलतानाही सर आले की गप्प होई.

घरचा झरा आटला तेव्हा सर बाहेर पडले. कचेरीपासून दोन चौक सोडून एक कॉलेज होतं. भिंगरीचं नव्हे, दुसरंच. त्याच्या फाटकासमोर बसथांबा, पत्र्याचं छप्पर आणि सिमेंटचा बाक. साडेपाचला कचेरी सुटली की सर तिथे जाऊन बसू लागले. मांडीवर लांबट वही, कानामागे पेन्सिल.

त्या तीन महिन्यांत मी त्यांना जेवढं आनंदात पाहिलं तेवढं आधी कधी पाहिलं नव्हतं. सकाळी आले की सुरू. पाच जण घोळका करून उभे राहतात आणि त्याच पाच जणांना फोनवर निरोप पाठवतात. सगळ्यात मोठ्यानं हसतो तोच सगळ्यात आधी घड्याळ बघतो. मुली ‘मी मेले’ म्हणतात ते हसू अनावर झालं की, आणि खरोखर वाईट काही झालं तर म्हणतात ‘ठीक आहे’. निरोप घेताना तीनतीनदा घेतात आणि बस आली तरी जागचे हलत नाहीत.

‘चल’वर तर त्यांनी पानच्या पान लिहिलं होतं. “बघा बाई, आपण जाताना म्हणतो, येतो. ही पोरं जाताना म्हणतात, चल. चल म्हणायचं आणि समोरच्याला तिथेच सोडून जायचं. आपल्या भाषेत नुसतं ‘जातो’ म्हणून जायचा धीर कुणालाच होत नाही.”

मी म्हटलं, “सर, तुम्ही तिथे रोज बसता, कोणी काही म्हणत नाही ना?”

“कोण काय म्हणणार? थांबा सार्वजनिक आहे.”

मग एका गुरुवारी एक मुलगी त्यांच्या शेजारी बाकावर येऊन बसली. तिला बस चुकली होती. तिनं वहीत डोकावून विचारलं, “काका, तुम्ही काय लिहिता हो?” सरांनी तिला कोश, पुरवणी, दाखले सगळं सांगितलं. तिला मजा वाटली. तिनं वहीची पानं उलटली आणि थांब्यावरही ऐकलेल्या ‘सीन’च्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे चुकलंय. सीनवर ठेवलं म्हणजे नाटकातला सीन नाही. आपण कुणाला काही लिहिलं आणि त्यानं ते बघितलं की खाली इंग्रजीत ‘सीन’ असं दिसतं. ते सीन. बघितलं, पण उत्तर दिलं नाही. मुद्दाम.”

“मग ज्याला ठेवलंय तो काय करतो?”

“काय करणार? दर पाच मिनिटांनी फोन बघतो. झोप लागत नाही. आपलं काय चुकलं असेल ते आठवत बसतो.”

दुसऱ्या दिवशी सरांनी कचेरीत खण उघडला, ते कार्ड काढलं आणि समोर ठेवून बसले. तासभर तरी बसले असतील. शेवटी म्हणाले, “चार दिवस. चार दिवस पोर माझ्या घरात झुरत होती, आणि मी तिच्या शेजारच्या खोलीत बसून ‘नाटकातील प्रवेश’ असं लिहीत होतो.”

मी म्हटलं, “आज घरी जाऊन बोला तिच्याशी.”

“बोलतो,” ते म्हणाले. “आज थांब्यावर बसत नाही. वही मात्र काल त्या मुलीकडे राहिली, बस आली तशी ती घाईत चढली. तेवढी घेऊन सरळ घरी जातो.”

त्या संध्याकाळी सातच्या सुमाराला मला त्यांचा फोन आला. पोलीस चौकीतून. कचेरीचं ओळखपत्र घरी राहिलं होतं, ते आमच्या कचेरीत नोकरीला आहेत हे सांगायला कोणीतरी हवं होतं. घरी कळवू नका, म्हणाले.

मी गेले तेव्हा ते भिंतीलगतच्या बाकावर बसले होते. शर्टाची दोन बटणं तुटलेली. वही फौजदारांच्या टेबलावर होती. घडलं ते असं. त्या मुलीनं वही परत द्यायला आणली, पण तिच्या मैत्रिणींनी आधीच ती वाचली होती. त्यातल्या एकीनं आठवडाभर सरांची चित्रफीत काढून ठेवली होती: म्हातारा मुलींकडे बघतो, खाली मान घालून लिहितो, पुन्हा बघतो. दुपारीच ती सगळीकडे फिरली होती. सर थांब्यावर पोचले तेव्हा दहाबारा मुलगे त्यांची वाटच बघत होते.

फौजदार अंगावर येणारा माणूस नव्हता. त्यानं वही उघडली आणि मला वाचून दाखवली.

“‘मुलगी, निळी पिशवी, वय अंदाजे वीस, एकटी, पाच चाळीस.’ ‘मुलगी, चष्मा, उंच, वय एकोणीस, रोज पावणेसहाच्या बसनं जाते.’ ‘दोघी, वय अठरा, फाटकाजवळ, सहा दहा.’ मला दोन मुली आहेत, बाई. तुम्हीच सांगा, हे वाचून मी काय समजू?”

मी म्हणाले, “साहेब, ते दाखले आहेत. प्रत्येक ओळीपुढे शब्द आहे बघा.”

“शब्द आहेत. ‘मी मेले’ असा एक आहे. आमच्या भाषेत अशा वहीला वेगळं नाव आहे.”

सरांनी मान वर केली आणि कशाची तरी दुरुस्ती करायची असल्यासारखं तोंड उघडलं. मग तुटलेल्या बटणाचा लोंबता दोरा तोडला. तक्रार लेखी नव्हती, म्हणून समज देऊन त्यांना सोडलं. वही ठेवून घेतली.

भिंगरीला ती चित्रफीत संध्याकाळी पाचलाच मिळाली होती, तिच्या वर्गातल्या मुलांकडून. खाली कोणी काय काय लिहिलं होतं. तिनं एका शब्दानं सांगितलं नाही की हे माझे वडील आहेत. पुढे ती मला म्हणाली, “मावशी, मला माहीत होतं ते काय लिहितात ते. माझ्यावरच लिहिलं होतं ना आधी. सगळ्या जगात मला एकटीला माहीत होतं. पण मुलं हसत होती, आणि मीसुद्धा हसले.”

सोमवारी मुख्य संपादकांनी मला आत बोलावलं. म्हणाले, “थांब्यावर जाऊन बसायचं असा काही लेखी आदेश आपण दिला नव्हता.” नव्हताच. सांगितलं होतं ते तोंडी. “चौकशी होईल. तुम्ही समोर बसता. तुमचं निवेदन लागेल. त्यांचं वागणं कधी खटकलं का, एवढंच लिहा.”

इतक्या वर्षांनीही माझी नेमणूक कायम झालेली नव्हती. कागद मुख्य संपादकांच्याच सहीवाचून अडला होता. मला लिहिता आलं असतं की बैठकीत आदेश झाला होता, त्या दिवशी मी हजर होते. सरांची तीन महिन्यांची कार्डं खणात आहेत, हवी तर मोजून घ्या, असंही लिहिता आलं असतं. मी लिहिलं, ‘माझ्या उपस्थितीत असे काही घडले नाही.’ शब्दाशब्दानं खरं होतं. अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली शिकले होते. त्या वाक्याचा अर्थ वाचणारा काय घेईल, हे माझ्याइतकं कोणाला कळणार होतं?

सरांनीही ते वाचलं. चौकशीत त्यांना प्रत मिळाली. बाहेर येऊन माझ्या टेबलाशी थांबले आणि म्हणाले, “वाक्य बिनचूक आहे.” त्यात टोमणा नव्हता. मला टोमणा चालला असता.

त्यांनी स्वतःहून राजीनामा द्यावा असं ठरलं, आणि त्यांनी दिला. पुरवणी दीड वर्षानं निघाली. छापील मजकुरातलेच दाखले घ्यावेत असं परिपत्रक आलं होतं, त्यामुळे थांब्यावरचा एकही शब्द तिच्यात नाही. मदत करणाऱ्यांच्या यादीत शिपायाचं नाव आहे. सरांचं नाही. ती कार्डं मी दोरीनं बांधून एका खोक्यात घातली आणि त्यांच्या घरी घेऊन गेले. सरांच्या पत्नीनं, वहिनींनी, दार उघडलं. सर आतून म्हणाले, “नको, बाई. घरात नको ते.” खोकं माझ्याच घरी आहे.

भिंगरी शिक्षणासाठी दुसऱ्या गावी गेली आणि तिथेच नोकरीला लागली. जायच्या आदल्या दिवशी सरांनी तिला सीनचा विषय काढून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला होता, असं वहिनी म्हणतात. पण ती म्हणाली, “बाबा, आता त्याचं काय,” आणि बॅग भरायला आत गेली.

मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे होते. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरची तीन मुलं आमच्याबरोबर शिरली, काहीतरी एकमेकांना सांगत, धक्के देत. सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि चौथा मजला येईपर्यंत तसेच होते. मुलं गेल्यावर मी म्हटलं, “सर, ऐकलंत का, ‘लोड घेऊ नको’ म्हणाला तो. कसं आलं असेल हे?”

“मला माहीत नाही,” ते म्हणाले.

संध्याकाळी भिंगरीचा फोन आला. दर रविवारी येतो. सरांनीच उचलला. “बरी आहेस ना,” एवढं विचारलं, आणि तिचं उत्तर पुरतं व्हायच्या आत वहिनींच्या हातात दिला. मग गॅलरीत गेले आणि बाहेरून दार ओढून घेतलं.

वहिनी फोनवर हात ठेवून मला हळूच म्हणाल्या, “नेहमीचंच आहे. तिचं बोलणं कानावर पडलं की लिहून घ्यायला हात शिवशिवतो म्हणतात. म्हणून ऐकतच नाहीत.”

काचेतून त्यांची पाठ दिसत होती. वहिनी पंधरावीस मिनिटं बोलल्या. तेवढा वेळ ते कठड्याला धरून उभे होते. मध्ये एकदा त्यांनी मान किंचित वळवली, आत बोलणं संपलं का बघायला. संपलं नव्हतं. त्यांनी मान पुन्हा फिरवली.