मैदानातलं मीठ

मंडळाच्या पन्नासाव्या वर्षाच्या कबड्डी सामन्यांसाठी मी मैदानात मिठागरातली माती टाकली.

माझा बाप जन्मभर मिठागरात राबला. त्याच्या पायांच्या चिघळलेल्या भेगा मी लहानपणापासून पाहिलेल्या. तरी उरणच्या रस्त्याकडेला, जुनं मिठागर खणून काढलेला मऊ काळा ढीग फुकट दिसला आणि मी, मंडळाचा चिटणीस व एका डंपरचा मालक, हरखलो. वरून डोंगरातल्या लाल मातीचा थर दिला. आमच्या प्रशिक्षकांनी, म्हणजे दादांनी विचारलं, "माती कुठली रं?"

"डोंगरातली," मी म्हणालो. वरच्या दोन बोटांपुरतं ते खरंच होतं.

स्मरणिकेसाठी मंडळाचा इतिहासही मीच लिहायला घेतला होता. मारामाऱ्या वगळल्या तर पान भरेना. सुरुवातच मुळी मिठागराच्या बांधावरून दोन गावांनी एकमेकांची डोकी फोडली तिथून. भांडायचंच तर रेषा आखून भांडा, असं म्हाताऱ्यांनी सांगितलं आणि मंडळ निघालं. पहिल्या कप्तानाला दीडच कान होता. उरलेला समोरच्या गावात राहिला, असं तो ऐटीत सांगायचा. पुढे एका अंतिम सामन्यात आमच्या लोकांनी पंचाला मंडपाच्या खांबाला बांधून बदडलं आणि तालुक्याने आम्हाला कैक वर्षं बाहेर बसवलं. दादा तेव्हा आमचे सगळ्यात जबर चढाईपटू. मी राखीव, पाण्याची कळशी सांभाळणारा. माझं काही बिघडलं नाही. दादांची मात्र खेळायची वर्षं संपली. आता तालुक्याने परत घेतलं होतं, एका अटीवर. हाणामारीची एक तक्रार आली की मंडळ कायमचं बंद.

उपांत्य सामना दिघीकडच्या संघाशी होता. त्यांच्या चढाईपटूला आमच्या चौघांनी घोट्याला धरून फरफटत आत ओढलं, तसा लाल थर खरवडून निघाला आणि त्याचे दोन्ही गुडघे सोलले. सोललेल्या गुडघ्यासाठी आमच्याकडे कोणी ओरडत नाही. हा गुरासारखा ओरडला. मग त्याने बोट मातीला लावून चाटलं.

"मीठ घातलंय यांनी," तो म्हणाला.

त्यांच्या कप्तानाने आमच्या कप्तानाच्या नाकावर डोकं हाणलं. नाक फुटलं. आमच्या कोपऱ्यातल्या गड्याने कोणाचा तरी दंड चावला आणि तोंडात रक्त घेऊन दुसरा शोधू लागला. खुर्च्या पाठीवर मोडल्या. कातडी तर आमच्याही पोरांची जळत होती. ती आग पोरं समोरच्यांवर काढत होती. मी या वेळी स्कोअरच्या टेबलाखाली होतो.

दादा मधे शिरले, दोन्हीकडचा मार खात उभे राहिले, तेव्हा कुठे हात थांबले. पंच तक्रार लिहायला बसला. दादा नुसते पेनाकडे बघत राहिले.

"माती कोणी टाकली?" समोरच्या कप्तानाने विचारलं.

आमच्या अख्ख्या संघाने टेबलाखाली बोट दाखवलं. सकाळी मी ज्यांना वडापाव खिलवले होते त्यांनीही.

"मग तक्रार कशाला?" तो कप्तान म्हणाला. " याला चढाईला धाडा. उघडा."

पंचाने पेनाला टोपण लावलं.

शर्ट काढून मी पोट घेऊन मध्यरेषा ओलांडली. दुसऱ्यांदा कबड्डी म्हणायच्या आत सातही जण अंगावर आले. पालथा पाडून त्यांनी मला या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलं, मग उताणा करून परत. छाती, कोपर, पाठ, सगळीकडे निखारे फिरवल्यासारखं झालं. मी ओरडलो, लोक हसले. मग त्यांच्याच कप्तानाने मला बखोटीला धरून उठवलं आणि पंचाला म्हणाला, "चला, खेळ सुरू करा."

दादा विहिरीवर माझ्या पाठीवर बादलीने गोडं पाणी ओतत होते. मला वाटलं, आता दोन शब्द बरे ऐकायला मिळतील.

"मंडळ वाचलं, दादा."

"व्हय." त्यांनी दुसरी बादली ओतली. "धरल्यावर हात तरी झटकायचास. उगाच न्हाय तुला जन्मभर राखीव बसवला."